पाच थेंबांचा शॉवर

काकांना सगळे काका म्हणतात ते नात्यामुळे नव्हे. त्यांचा थोरला भाऊ त्यांना काका म्हणतो, त्यांची सख्खी आईसुद्धा काकाच म्हणायची. लहानपणी त्यांना काहीही सांगितलं की ते “का? का?” असं दोनदा विचारायचे. एकदा विचारून भागत नसे, कारण पहिला ‘का’ ऐकून मोठी माणसं नुसतं “हं” म्हणून पुढच्या कामाला लागत. पुढे केस पिकले, नाव आपसूक अंगाला बसलं आणि नवीन माणसाला ते नात्याचंच वाटायला लागलं. नोकरीही अशी मिळाली की विचारण्याचाच पगार: विमा कंपनीत दाव्यांची चौकशी. तुमचा टीव्ही जिन्यावरून गडगडला, वाईट झालं. पण टीव्ही जिन्यावर का होता? असं दिवसभर विचारून ते संध्याकाळी घरी येत आणि चपला काढता काढता घरच्या प्रश्नांना सुरुवात करत.

अशा माणसाशी लग्न केल्यामुळे बिचारी बायको उंबरठा ओलांडल्या दिवसापासून काकू झाली. काकू एका शाळेचं वाचनालय सांभाळतात. म्हणजे दिवसभर ओठांवर बोट. त्या सवयीनं घरीही त्या इतकं हळू बोलतात की काकांना त्यांचं बोलणं निम्मं ऐकू येतं आणि निम्मं अंदाजानं कळतं. पण सकाळी बाथरूमचं दार लागलं आणि शॉवर सुरू झाला की याच काकू गातात. मोकळ्या गळ्यानं, अगदी छत उचलून गातात.

याचं श्रेय त्या शॉवरला द्यायला हवं. घर बांधलं तेव्हापासूनचा तो पितळी शॉवर ताटाएवढा होता आणि त्याच्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाला बाहेरच्या जगातलं काहीच ऐकू येत नसे. मला बाहेरचं ऐकू येत नाही तर बाहेरच्यांना माझं कुठून ऐकू जाणार, असा काकूंचा सरळ हिशेब. इकडे स्वयंपाकघरात काका चहाचा कप घेऊन बाथरूमच्या भिंतीला पाठ टेकून बसलेले असत. शब्द कळत नसत, ते पाण्यातच विरघळून जात; पण सूर यायचा आणि मधूनमधून “आऽ आऽ आऽ” अशी एक तान यायची. त्या तानेला काका डोळे मिटत. दिवसभर लोकांच्या फुटक्या वस्तूंची चौकशी करायला जे बळ लागतं ते त्यांना इथून मिळत होतं, आणि हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

काकूंना तर मुळीच नाही. लग्न नवीन होतं तेव्हा एकदा त्यांनी सहज विचारलं होतं, “काय गात होतीस गं?” काकूंचा चेहरा खर्रकन उतरला आणि त्यानंतर कित्येक महिने बाथरूममधून नुसतं पाणी ऐकू आलं. तेव्हापासून जगातला हा एकच विषय असा होता की ज्याबद्दल काका ‘का’ म्हणत नसत.

आता एवढं सगळं माहीत असताना माणसानं त्या शॉवरला हात लावावा? पण त्या शॉवरचं एक भोक बाकीच्यांसारखं खाली न सोडता तिरकं, नेमकं टॉवेलवर पाणी मारायचं. एकच भोक का? आणि टॉवेलवरच का? सुट्टीच्या दिवशी काकू बाहेर गेल्याचं पाहून काका स्टुलावर चढले आणि पाना लावून त्यांनी शॉवर फिरवून पाहिला. शॉवर फिरला नाही. मग त्यांनी जोर लावला. ‘कट्’ असा आवाज झाला आणि पितळी शॉवर मानेपासून तुटून काकांच्या हातात आला. तिरक्या भोकात साबणाचा एक खडा अडकलेला होता. कारण सापडलं याचा त्यांना क्षणभर आनंद झाला, हेही सांगायला हवं.

शॉवर पिशवीत घालून ते दुकानात गेले.

“हा जोडून मिळेल का?”

“मिळेल, पण बसवता येणार नाही,” दुकानदार म्हणाला. “नवा नियम आलाय. जुना शॉवर एकदा उतरवला की उतरवला. आता थेंबवालाच घ्यायचा.”

“का?”

“पाणी वाचवायला.”

“ते कबूल. पण मला कसला शॉवर हवा ते मी का नाही ठरवायचं?”

“ठरवा की. हे काय, एवढे ठेवलेत,” असं म्हणून दुकानदारानं काउंटरवर खोक्यांची रांग लावली. प्रत्येक खोक्यावर सरकारी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळे थेंब छापलेले होते. कुठे एक, कुठे तीन, कुठे पाच. “जेवढे थेंब जास्त तेवढा माल चांगला,” दुकानदारानं सांगितलं आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चांगला म्हणजे कुणाच्या दृष्टीनं चांगला, एवढंच विचारायचं होतं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पाव किलो साखर घेतानासुद्धा पाच प्रश्न विचारले, त्यानं इथे एकही विचारला नाही. कारण त्यांना ते उघडच वाटलं. एका थेंबाचा शॉवर एक थेंब देणार, पाच थेंबांचा त्याच्या पाचपट. काकांनी पाच थेंबांचा उचलला आणि सर्वांत दणदणीत शॉवर मिळाला म्हणून खुशीत घरी आले.

प्लंबरनं तो बसवला, चालू केला आणि मान वर करून बराच वेळ पाहत राहिला. “सुरू झाला बहुतेक,” तो म्हणाला.

पाणी येत होतं, नाही असं नाही. पण ते पडत नव्हतं, तरंगत होतं. काकांनी हात पुढे केला तर तो ओला झाल्याचं थोड्या वेळानं लक्षात आलं. आवाज तर जवळपास नव्हताच. कुणीतरी दूरवर कागद चोळतंय एवढाच. खोक्यावरचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचला तेव्हा कळलं की थेंब पाण्याचे नसून बचतीचे होते.

दुसऱ्या दिवशी काकू आंघोळीला गेल्या. काका कप घेऊन भिंतीला टेकले. आतून काहीही आलं नाही. चहा निवला, तरी काही नाही. काकू केस पुसत बाहेर आल्या.

“कसा आहे गं?”

“चांगला आहे. पाणी वाचतं.”

“पण तुला आवडला का?”

“आवडायचं काय त्यात? अंग ओलं होतं.”

“आणि बाकी?”

“बाकी काय?” काकूंनी विचारलं, आणि काकांनी निवलेला चहा तोंडाला लावला. ज्या गोष्टीबद्दल आपल्याला ठाऊकच नाही असं सोंग आजवर घेतलं, ती बंद पडली म्हणून तक्रार कुठल्या तोंडानं करायची? त्या दिवशी ऑफिसात त्यांनी एका भिजलेल्या गादीचा दावा एकही प्रश्न न विचारता मंजूर केला. साहेबांनी त्यांना बोलावून तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. काकांना शॉवर पसंत नाही, एवढं प्लंबरनं जिना उतरता उतरता दोन मजल्यांवर सांगितलं होतं. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब जिन्यात भेटले. निवृत्त झाल्यापासून त्यांना अशील मिळत नव्हतं, त्यामुळे भेटेल त्याची बाजू ते फुकट मांडत.

“माझ्या डोक्यावर किती पाणी पडावं हे सरकारनं ठरवायचं?” ते कडाडले. “आज शॉवर आला, उद्या म्हणतील साबण एकाच बाजूला लावा!”

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. समोरच्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका, आणि भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, कुंड्यांतून गळलेलं पाणी फरशीला, असा त्यांचा क्रम ठरलेला. म्हणून सगळे त्यांना बचतताई म्हणत.

“टाकी रिकामी झाली की गॅलरीतून आधी कोण ओरडतं, वकीलसाहेब?” त्यांनी विचारलं. “तुमच्या आवडीचं पाणी शेवटी माझ्याच नळातून जातं.”

“टाकी मोठी बांधा!”

“आणि तिच्यात भरायला काय, तुमची भाषणं?”

काकांची पंचाईत अशी की त्यांना दोघांचंही पटत होतं. पाणी वाचायला हवं हे खरंच. आणि घरातल्या घरात माणसाला एक तरी गोष्ट मनासारखी मिळावी, हेही खरंच. दोघांनी त्यांच्याकडे निवाड्यासाठी पाहिलं तेव्हा ते म्हणाले, “पाण्याचा आवाज वाढवून पाणी कमी करता येईल का?” यावर त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, की काकांना विश्रांतीची गरज आहे.

पण प्रश्न खरोखर तोच होता. काकांनी प्रयोग सुरू केले. पहिल्या दिवशी शॉवरखाली पत्र्याचा ट्रे ठेवला, म्हणजे तुषार वाजतील. काकूंनी तो “हा इथे कशाला?” म्हणून उचलून ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी खिडकीत रेडिओ लावून ठेवला. काकू आंघोळ करून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अहो, तांब्याचे भाव पडले.” काकांनी मग पंख्याचा आवाज, नळाखाली रिकामी बादली, असे बरेच उपाय करून पाहिले आणि घरात कुठे काय ठेवलंय ते कुणालाच सापडेनासं झालं. गाणं काही आलं नाही.

शेवटी वकीलसाहेबांनी त्यांना गॅलरीत बाजूला घेतलं. “शॉवरच्या मानेत एक निळी चकती असते,” ते कुजबुजले. “तिला मधोमध सुईएवढं भोक असतं. ती काढली की झालं. मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही. मी वकील आहे.”

काकांनी त्याच संध्याकाळी चकती काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. काकूंना सांगितलं नाही, कारण मग ‘का’ ते सांगावं लागलं असतं.

सकाळी काकू आत गेल्या. तोटी फिरली आणि धडाडकन पाणी आलं. काय तो आवाज! काका भिंतीला टेकले, डोळे मिटले. आतून “आऽ” असा पहिला स्वर आला, आणि ती तान नव्हती, किंकाळी होती. पाण्याच्या दणक्यानं साबणाची मांडणी खाली आली, शाम्पूची बाटली मोरीच्या जाळीवर आडवी बसली, आणि डोळ्यांत फेस गेलेल्या काकूंना तोटीच सापडेना. पाणी दाराखालून बोळात, बोळातून दिवाणखान्यात आणि पुढच्या दाराखालून जिन्याच्या चौकात निघालं. तिथे बचतताईंचं पायपुसणं होतं. ते हळूच उचललं गेलं आणि लिफ्टच्या दिशेनं निघून गेलं.

“अहो, काय केलंत?” काकू टॉवेल गुंडाळून ओरडल्या. लग्नानंतर त्यांचं एवढ्या मोठ्यानं बोलणं काकांनी प्रथमच ऐकलं.

“दाब वाढला असेल,” काका म्हणाले.

बचतताईंना मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असा संशय आला. त्यांनी पाणी खात्याला फोन केला, आणि ज्या खात्याकडे गळती कळवून पावसाळे उलटतात तिथून दुपारच्या आत निरीक्षक हजर झाला. सडपातळ माणूस, गळ्यात घड्याळ, हातात खुणा केलेला प्लास्टिकचा जग. त्याच्यामागोमाग बचतताई आल्या. त्यांच्या मागोमाग वकीलसाहेब, आपण काही सांगितलेलं नाही असा चेहरा करून.

“तपासणी वापराच्या स्थितीत करायची असते,” निरीक्षक म्हणाला. “शॉवरखाली माणूस लागेल.”

“का?” काकांनी विचारलं.

“माणूस नसेल तर तो वापर होत नाही, गळती होते. गळतीचा विभाग वेगळा.”

हे काकांना मनापासून पटलं. त्यांच्या कंपनीत असंच होतं. पण सगळ्यांसमोर कपडे कसे काढणार? मग ते ऑफिसच्या कपड्यांत, छत्री उघडून, शॉवरखाली उभे राहिले. निरीक्षकानं तोटी फिरवली. छत्री एका क्षणात उलटी झाली आणि काका आपादमस्तक न्हाऊन निघाले. निरीक्षकाचा जग घड्याळाकडे पाहायच्या आत भरला. तोंड पुसायला काकांनी खिशातून रुमाल ओढला, त्याबरोबर निळी चकती बाहेर पडली, गोल गोल फिरली आणि निरीक्षकाच्या बुटापाशी जाऊन आडवी झाली.

सगळे तिच्याकडे पाहत राहिले.

“चकती काढलेली आहे,” निरीक्षक म्हणाला. “कारण?”

आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न आज ओल्या कपड्यांत त्यांच्यासमोर उभा होता. दारात काकू हात बांधून उभ्या होत्या आणि उत्तराची सर्वांत जास्त उत्सुकता त्यांनाच दिसत होती.

“उत्तर देऊ नका!” वकीलसाहेब म्हणाले. “मौन हा तुमचा हक्क आहे.”

“आणि माझं पायपुसणं?” बचतताईंनी विचारलं.

“हे पाहा,” निरीक्षक समजुतीनं म्हणाला, “पहिली वेळ आहे. पटण्यासारखं कारण असेल तर ताकीद देऊन सोडतो. नाहीतर शॉवर सील होणार. मग बादली.”

बादली! बादलीतल्या तांब्याला कसला आला आवाज? पाच थेंबांच्या शॉवरखाली निदान आशा तरी होती. काकांच्या तोंडचं पाणी पळालं, म्हणजे जेवढं डोक्यावरून ओघळत होतं तेवढं सोडून.

“खांदा धरतो म्हणा,” वकीलसाहेब कुजबुजले. “वैद्यकीय कारण.”

“डॉक्टरचा दाखला लागेल,” निरीक्षक म्हणाला.

“ही गाते,” काका म्हणाले.

“कोण?”

“माझी बायको. पाण्याचा आवाज असला की गाते, नसला की गात नाही. हा शॉवर आल्यापासून घरात गाणं नाही. मला पाणी नको होतं हो, आवाज हवा होता.”

काकूंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“म्हणजे ते सकाळी तुम्ही गाता होय वहिनी?” बचतताई म्हणाल्या. “मी समजत होते वरून रेडिओ येतो.”

“मी दाढी त्याच वेळी करतो,” वकीलसाहेब म्हणाले. “हल्ली वेळच समजत नाही.”

काकू वळल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. इतक्या वर्षांचा त्यांचा आडोसा नवऱ्यानं चारचौघांत एका वाक्यात काढून घेतला होता. शॉवर वाचवायला गेले आणि जे वाचवायचं होतं त्यावरच पाणी पडलं, हे काकांना त्या बंद दाराकडे पाहताना कळलं. त्यांना फार वाईट वाटलं.

निरीक्षकानं चकती परत बसवली. “आवाज, हे कारण आजवर कुणी दिलं नव्हतं,” तो जाता जाता म्हणाला. “आमच्या घरीही पाच थेंबच आहेत. आमच्याकडे कुणी गात नाही, त्यामुळे काही अडचण आली नाही.” असं म्हणून तो जिन्यात जरा थांबला आणि मग खाली उतरला.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. काकू बोलत, पण वाचनालयातल्यासारखं. “जेवण झाकून ठेवलंय.” “दिवा मालवा.” शेवटी एका संध्याकाळी त्यांनीच विषय काढला.

“कधीपासून ऐकू येतंय तुम्हाला?”

“पहिल्यापासून,” काका अपराधी आवाजात म्हणाले.

“शब्दांसकट?”

“छे, शब्द नाही कळत. नुसता सूर. आणि ती तान.”

“कुठली तान?”

“ती नाही का, आऽ आऽ आऽ. फार सुंदर घेतेस. मी डोळे मिटून ऐकतो.”

काकूंनी त्यांच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. त्यांचे ओठ थरथरले आणि त्या घाईघाईनं पदर तोंडाला लावून गॅलरीत निघून गेल्या. आपण तिला पुन्हा रडवलं, असं काकांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आंघोळीला गेल्या. शॉवर सुरू झाला, कागद चोळल्यासारखा. काका सवयीनं भिंतीला टेकले. चहा प्यावासा वाटत नव्हता.

आणि आतून आवाज आला. मोकळा, भरलेला, आणि पाण्याचा अडथळा नसल्यामुळे अगदी लख्ख, शब्दांसकट.

“दूध का उतलं? का का का!
मोजा का फाटका? का का का!
कुलूप का डावीकडे? का का का!
मुंगी का एकटी? का का का!”

काकांचा कप हातातच राहिला. यातला प्रत्येक प्रश्न त्यांचा होता. कुलपाचा तर लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातला होता. मुंगीचा अगदी मागच्या महिन्यातला. आणि ज्या तानेला डोळे मिटून त्यांनी इतकी वर्षं मान डोलावली ती तान नव्हतीच. ते त्यांचं नाव होतं. रोज सकाळी, ताटाएवढ्या शॉवरखाली उभी राहून, ही बाई छत उचलून त्यांचीच थट्टा करत होती, आणि ते त्यावर दिवस काढत होते.

रागवावं का, असा विचार त्यांनी करून पाहिला. राग काही येईना. उलट, ती त्यांचा एकही प्रश्न विसरली नव्हती, याचंच त्यांना कौतुक वाटलं.

आत नवीन कडवं सुरू झालं होतं.

“शॉवर का मोडला? का का का!
छत्री का उलटली? का का का!
चकती का खिशात? का का का!
अहो, आता का गप्प?”

आणि तिथे गाणं थांबलं. पुढची जागा मोकळी होती. भिंतीपलीकडे काकू वाट पाहत होत्या.

काकांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज गाण्याचा नव्हे. तो टीव्ही जिन्यावर का होता हे विचारायचा. त्याच आवाजात, भिंतीकडे तोंड करून, त्यांनी म्हटलं, “का का का!”

आत खळखळून हसू फुटलं आणि पुढचं कडवं आलं. वरच्या मजल्यावर वकीलसाहेबांची दाढी सुरू झाली असावी, कारण तिथूनही कुणीतरी जाड आवाजात साथ दिली. समोरच्या दारातून बचतताई ओरडल्या, “गाणं होऊ द्या, पण नळ तेवढा बंद करा!”

काकांनी भिंतीला कान लावला. शॉवर केव्हाच बंद झाला होता. काकू गातच होत्या.